केलॉनचे चार तास

वर्लिनची सगळी हयात गुयाव गावच्या जायफळाच्या वखारीत गेली. जायफळं पाण्यात सोडायची, तळाला बसेल ते ठेवायचं, तरंगेल ते बाजूला काढायचं. झोपेतून उठवून हातात दिलं तरी कुठलं फळ भरलेलं आणि कुठलं पोकळ, हे तिने सांगितलं असतं. पण जहाजातलं म्हणाल, तर तिला ओ की ठो कळत नव्हतं. पोटचा पोरगा केलॉन वर्षभर जहाजावर कांदे चिरत होता, तरीही नव्हतं. सगळा घोटाळा झाला तो त्यामुळेच.

केलॉनचं ते सहलीचं जहाज, तीन हजार पाहुण्यांचं. फ्लोरिडातून निघायचं, उत्तरेकडची दोन-चार बेटं करायचं आणि परत फ्लोरिडाला. आमच्या ग्रेनाडाकडे ते कधी फिरकत नसे. नऊ महिन्यांचा करार संपत आला, तेवढ्यात स्वयंपाकघरातला कोणी आजारी पडला आणि केलॉनला ईस्टरपर्यंत थांबवून घेतलं. तो गेला तेव्हा त्याची बायको शर्मेल सहा महिन्यांची गरोदर होती. आता अझारी नऊ महिन्यांची झाली होती, तिला खाली दोन दात आले होते आणि बापाने तिला अजून एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. बाप-लेकीचं जे काही होतं ते आजीच्या फोनवर. रोज संध्याकाळी केलॉन पडद्यावर दिसायचा, अझारी "बा बा" करत पडद्यालाच ओला मुका द्यायची, आणि वर्लिन रुमाल काढून फोन पुसायची.

आणि जानेवारीत केलॉनचा फोन आला. कुठल्याशा बंदरातला धक्का दुरुस्तीला काढला होता, म्हणून जहाज एकदाच, येत्या महिन्यातल्या एका गुरुवारी, आमच्या सेंट जॉर्जेस बंदराला लागणार होतं.

"आई, मला दहा ते दोन सुट्टी मिळालीय. माझी पाळी दुसऱ्याच्या गळ्यात मारलीय. पण दोनला मी जहाजावर हवा. नाहीतर जहाजही जाईल आणि नोकरीही."

वर्लिनने कॅलेंडरवर त्या गुरुवारभोवती गोल काढला आणि आत लिहिलं, दहा ते दोन.

"जहाजातर्फे बस असते," केलॉन म्हणाला. "एका हॉटेलच्या किनाऱ्यावर नेतात. खुर्ची, छत्री, टॉवेल, सगळं देतात. पण घरच्यांना आत सोडत नाहीत."

"मग घाल चुलीत ती छत्री. आपला किनारा, आपलं भांडं. मॉर्न रूजला बदामाखाली चूल मांडते. तू धक्क्याच्या फाटकातून बाहेर पड, एक नंबरची बस धर आणि ये. टॅक्सीवाल्यांशी बोलू नकोस, तुला पाहुणा समजून लुटतील."

"मी इथलाच आहे, आई."

"वर्षभर एसीत राहिलेला माणूस इथला दिसत नाही."

त्या दिवसापासून वर्लिनने जी मोहीम उघडली तिला तोड नव्हती. पोरगा नुसता भेटायला येणार नव्हता. चार तासांत तो पोटभर जेवला पाहिजे, समुद्रात बुडी मारून आला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे अझारी त्याच्या कडेवर गेली पाहिजे. बाकी काही राहिलं तरी चालेल, पण हे शेवटचं राहता कामा नये. फोनला मुके देणारी नात तिला बघवत नव्हती.

जेवणाचा प्रश्नच नव्हता. समुद्रावर जायचं म्हणजे ऑइल डाउन, आणि ऑइल डाउन म्हणजे थेक्ला. थेक्ला ही वर्लिनची थोरली बहीण. निरफणस, खारवलेलं मांस, कणकेचे लांबट गोळे, वर अळूची पानं, असे एकावर एक थर लावून, हळद घातलेल्या नारळाच्या दुधात ते भांडं शिजतं, दूध आटून तळाशी तेल सुटेपर्यंत. सामान ज्याने त्याने आणायचं, पण थर थेक्लानेच लावायचे. आणि एकदा झाकण बसलं की ढवळायचं नाही, उघडायचं नाही. थेक्लाच्या भांड्याचं झाकण तिच्या नवऱ्यानेही त्याच्या हयातीत उचललं नव्हतं, आणि आता बिचारा उचलायला राहिला नव्हता.

राहिला प्रश्न वेळेचा. आमच्याकडे दहा म्हणजे साडेअकरा, हे वर्लिन जाणून होती. म्हणून तिने सगळ्यांना सांगितलं की पोरगा साडेआठला येतोय. त्यामुळे गुरुवारी माणसं, भांडं, सरपण आणि अझारी, सगळं पावणेदहालाच मॉर्न रूजच्या वाळूवर उतरलं.

"साडेआठला येणार होता ना गं?" थेक्लाने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"दहाला."

"मग मला पहाटे उठवून निरफणस का सोलायला लावलंस?"

"दहा सांगितले असते तर तू साडेअकराला आली असतीस म्हणून."

"पोरगा कांदे चिरतो आणि आई कप्तान झालीय," थेक्ला म्हणाली आणि चुलीचे दगड मांडायला बसली.

दहा वाजले. सव्वादहा झाले. वर्लिन चढण चढून रस्त्यापर्यंत गेली, बस आली, बसमधून दोन लालबुंद पाहुणे उतरले. साडेदहालाही तेच. तिने फोन लावला, तो लागेना. अकरा वाजले तशी ती पुन्हा चढण चढून बघून आली. ऐनवेळी कामावर ठेवून घेतलं असेल. दुसऱ्याने पाळी घ्यायला नाही म्हटलं असेल. शर्मेल नवा पिवळा फ्रॉक घातलेल्या अझारीला घेऊन सावलीत बसली होती आणि मुद्दाम रस्त्याकडे बघत नव्हती.

"भांडं चढवू का?" थेक्लाने विचारलं.

"थांब. तो आला की चढव."

"निरफणस तुझ्या लेकाची वाट बघत काळा पडतोय," म्हणून थेक्लाने भांडं चढवलंच.

अकरा वाजून वीस मिनिटांनी केलॉन चढणीवरून धावत खाली आला. वाळला होता, पण हसू तेच. वर्लिनने त्याला मिठी मारली आणि सोडेचना. वर्षभराचं रडू तिने त्या कडक इस्त्रीच्या शर्टात पुसून टाकलं.

"कसा अगदी घड्याळाच्या काट्यावर आलो," केलॉन म्हणाला.

थेक्ला मोठ्याने हसली. "कुठेही जाऊ दे, रक्त आपलंच आहे."

वर्लिनही हसली, पण मनातून चरफडली. चार तासांतला एक तास वीस मिनिटं गेली, आणि वर ही चेष्टा. शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले होते, तिने ते आवरले. टोकल्याने गेलेला वेळ थोडाच परत येणार होता? जो उरलाय तो तरी गोड जाऊ दे. दोनला जहाजावर म्हणजे इथून दीडला निघायला हवं. त्याला घाई दाखवायची नाही, घड्याळ आपण सांभाळायचं, असं तिने ठरवून टाकलं.

मग केलॉन अझारीपुढे गुडघे टेकून बसला. "ओळखलंस का मला?" असं हळूच म्हणाला आणि हात पुढे केले.

अझारीने त्याच्याकडे नीट बघितलं, ओठ काढला आणि असा टाहो फोडला की पलीकडच्या होडीवरचे पक्षी उडाले. आईच्या मानेत तोंड खुपसून ती रडत राहिली. केलॉन बोलला की ती क्षणभर गप्प व्हायची, मान वळवून आजीच्या पिशवीकडे बघायची, आणि हा माणूस समोर दिसला की पुन्हा सूर लावायची.

सगळे उपाय झाले. केलॉनने डोक्यावर टोपी उलटी घातली, कोंबडा आरवून दाखवला, ओल्या नारळाची मलई बोटावर धरली. मलई तिने खाल्ली आणि पुन्हा रडली. शर्मेल म्हणाली, "जरा वेळाने येईल." वर्लिन म्हणाली, "झोपेला आलीय." थेक्ला म्हणाली, "तुझ्या शर्टाला हॉस्पिटलचा वास येतोय, काढ तो." केलॉनने शर्ट काढला, समुद्रात बुडी मारून आला, पाणी निथळत परत गुडघ्यांवर बसला. अझारीने त्याला लाथ मारली.

"राहू दे, आई," तो शेवटी म्हणाला. "तिच्यासाठी मी कोण आहे? कोणी तरी एक माणूस." तो हसत होता, पण वर्लिनने त्या पोराला जन्म दिला होता. तिला ते हसू पोकळ आहे हे कळलं.

बारा वाजले, साडेबारा वाजले. वर्लिन दर पाच मिनिटांनी पाठ फिरवून फोनमध्ये वेळ बघत होती. भांडं शिजायचं नाव घेईना. एकच्या आधी तिने चुलीत दोन लाकडं सारली, आणि थेक्लाची पाठ वळलेली बघून चक्क झाकण उचललं.

"वर्लिन," थेक्ला मागे न बघता म्हणाली. "मला वास आला."

"त्याला उपाशी पाठवू का?"

"एकसष्ट वर्षांची आहे मी. माझ्या भांड्याचं झाकण माझ्या देखत कोणी उघडलं नाही."

"मग डोळे मीट."

थेक्लाने पंधरा मिनिटं अबोला धरला. तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा अबोला. पण सव्वा वाजता तिनेच पहिली थाळी केलॉनला वाढली. तो वाळूत मांडी घालून बोटांनी जेवला, गप्पा मारत, निवांत, दुसऱ्यांदा मागून घेत. अझारी शर्मेलच्या मांडीवरून त्याच्या चावण्याकडे टक लावून बघत होती, तो वळला की तोंड फिरवत होती. बघता बघता दीड झाला. वर्लिनने आपली थाळी तशीच बाजूला ठेवली. पोरगा जेवला होता, बुडी मारून झाली होती. तेवढं शेवटचं राहिलं.

तिने उठून त्याचे बूट आणले आणि झटकून त्याच्यापुढे ठेवले. "ऊठ, बाळा. घाल."

"कशाला?"

"दीड वाजला. बस मिळायला हवी." तिचा आवाज तिथेच फुटला. "ईस्टरला आलास की होईल तिची ओळख. दोनच महिने तर आहेत."

केलॉनने मनगट वर केलं. "साडेबारा वाजलेत, आई."

"तुझं घड्याळ बंद पडलंय."

"बंद कसं पडेल? ही जहाजाची वेळ आहे. फ्लोरिडाची. जिथून निघतं तिथली वेळ घेऊन फिरतं जहाज, इथल्यापेक्षा तासभर मागे. मी दहाला सुटलो म्हणजे तुमचे अकरा." मग त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला. "तुम्ही केव्हापासून थांबलात?"

 मग थेक्ला वाळूवर मागे कलंडून हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. "वेळेवर आलं गं पोरगं. या घराण्यात पहिल्यांदा कोणी वेळेवर आलं आणि आपण त्यालाच हसलो. आणि हिने माझं झाकण उघडलं ते उगीचच."

वर्लिन वाळूत बसली. एक तास. रस्त्यात पडलेला सापडावा तसा एक अख्खा तास. ती रडली, हसली, लेकाच्या पाठीत एक धपाटा घातला. "मूर्खा, फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"मला वाटलं सगळ्यांना माहीत असतं."

"सगळे म्हणजे तुझे ते तीन हजार. आम्ही नव्हे."

पण आता तिचं डोकं चालायला लागलं. इतका वेळ घड्याळात अडकलं होतं, ते मोकळं झालं. सकाळपासून ती पोर पिशवीकडे का बघत होती? आवाज आला की बाबा पिशवीतल्या फोनमध्ये असतो, हे तिला ठाऊक होतं. समोरच्या या माणसाने मात्र बाबाचा आवाज चोरला होता.

"केलॉन, शर्मेलचा फोन घे आणि त्या पालथ्या होडीमागे जा. मला फोन लाव. तोंड दिसेल असा."

"आई, मी इथे असताना?"

"जा म्हणते ना."

तो गेला. वर्लिनने अझारीला मांडीवर घेतलं आणि फोन वाजला. पडद्यावर केलॉन आला. अझारीचा चेहरा उजळला. "बा बा," ती म्हणाली आणि नेहमीचा ओला मुका पडद्याला दिला.

"रोज बोलतोस तेच बोल," वर्लिन म्हणाली. "आणि चालत ये. हळू."

"काय जेवलीस? दात दाखव. एक, दोन," असं म्हणत केलॉन होडीमागून निघाला. अझारी दात दाखवत होती. तो दहा पावलांवर आला तेव्हा आवाज दोन्हीकडून यायला लागला. तिने वर बघितलं, फोनमध्ये बघितलं, पुन्हा वर बघितलं. ओठ निघाला.  केलॉन थांबला, पण बोलायचा थांबला नाही. अझारीने फोन दोन्ही हातांनी धरला आणि उलटा करून त्याच्या पाठीमागे कोण आहे ते बघितलं. पाठीमागे तोच होता, गुडघ्यांवर, फोन कानाशी नसून तोंडासमोर.

वर्लिनने फोन बोटभर खाली केला. मग आणखी बोटभर. केलॉनने त्याचाही खाली केला. अझारी पुढे झुकली, त्याच्या गालावर तळहात टेकवला आणि चटकन काढून घेतला. पडदा थंड असतो, हा गाल ऊन होता आणि टोचत होता. तिने पुन्हा हात लावून खात्री केली. मग नेहमी द्यायची तसाच, तोंड उघडं ठेवून, ओला मुका त्याच्या नाकावर दिला.

 वर्लिनने सवयीने रुमाल काढला, आणि पुसायला काही नाही म्हणून स्वतःचे डोळे पुसले. एवढं सुख तिला वर्षात झालं नव्हतं.

पुढचा पाऊण तास अझारी बापावरून उतरली नाही. त्याच्या खांद्यावर बसून समुद्रात गेली, त्याच्या थाळीतला निरफणस त्याच्या तोंडात कोंबत राहिली. इथल्या वेळेने दोन वीस झाले तेव्हा सगळी वरात रस्त्यापर्यंत गेली. बस आली. केलॉनने तिला आजीच्या हातात दिलं आणि आत चढला.

अझारीने ओठ काढला आणि सकाळच्या दुप्पट टाहो फोडला. दोन्ही हात बसकडे करून, "बा बा, बा बा." बस वळणाआड गेली तरी थांबेना. शर्मेलने पिशवीतून फोन काढून तिच्यापुढे धरला. अझारीने तो ढकलून दिला.

"गप्प कर गं तिला," थेक्ला म्हणाली. "अर्धा मॉर्न रूज बघतोय."

"रडू दे," वर्लिन म्हणाली आणि नातीला घट्ट धरून उतरणीला लागली. "सकाळी तो आला म्हणून रडत होती, आता गेला म्हणून रडतेय."