धोट्याचा मुका

इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नच्या आमच्या कापडगिरणीत मालक पाहुण्यांना माग दाखवत होते. "वाफेवर सगळं आपोआप चालतं!"

आपोआप म्हणे! आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली आणि माझा माग थांबला. नवी कांडी घालून मी धोट्याच्या भोकाला तोंड लावलं आणि धागा चोखून बाहेर ओढला. सकाळी हाच माग माझ्यावर सोपवून खोकत खोकत घरी गेलेल्या टॅबिथाचाच हा धोटा. तिची थुंकी, तेल, कापसाचे तंतू, सगळं तोंडात आलं. मी थुंकले.

"शी! घाणेरडी बाई!" मालकांनी नुकताच भेट दिलेला रुमाल पाहुणीनं तोंडावर दाबला.

"बाईसाहेब, तो रुमाल याच मागावरचा. त्याचाही धागा असाच चोखून काढलाय."

बाईसाहेब पचकन थुंकल्या. माझ्याच थुंकीशेजारी.