बॉनेटची डावी बाजू

नवी गाडी कोरी असते हा लोकांचा गोड गैरसमज आहे. कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवर चढते, उतरते, शोरूमच्या मागे महिनाभर धूळ खात उभी राहते, आणि गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी कुणीतरी मळक्या फडक्याने तिला खसाखसा पुसतो. झालं कल्याण. रंगावर बारीक ओरखड्यांचं गोलगोल जाळं उठतं. सावलीत ते लपून राहतं, उन्हात दिसतं, आणि गाडी काळी असली तर विचारूच नका.

हे जाळं मशीनने पॉलिश करून घालवायचं आणि मग वर कोटिंग चढवायचं, हा भिंगाचा धंदा. भिंग हे काही त्याचं खरं नाव नव्हे. इतरांना भिंग घेऊनही जो ओरखडा सापडत नसे तो याला दारातूनच दिसायचा, म्हणून वर्कशॉपातल्या जुन्या मंडळींनी हे नाव ठेवलं आणि सव्वीस वर्षांत ते असं चिकटलं की बायकोही रागावली की त्याच नावाने हाक मारायची. हाताखालच्या माणसांना तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे. कोटिंग म्हणजे काच. काचेखाली जे राहिलं ते राहिलंच. चार-पाच वर्षं ते गाडीबरोबर फिरणार. तेव्हा कोटिंगच्या आधी डोळ्यांत तेल घालून बघा.

त्याच्या डोळ्यांत आता खरंच थेंब घालावे लागत होते, सकाळ-संध्याकाळ. काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी फार गोड शब्दांत सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जमेल तितकी सांभाळायची. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. त्याने घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. बाटली डब्याच्या पिशवीत, फडक्याच्या घडीत ठेवायची आणि संडासात जाऊन थेंब घालायचे. एवढ्या वर्षांचं नाव, आणि आता हे चोरटं जिणं.

त्याच्या मते निभत होतं. काही ठिकाणी धुकं, काही ठिकाणी काहीच नाही, पण हाताला सवय होती, मशीनचा आवाज ओळखीचा होता, पॅड कुठे घसटतंय आणि कुठे सरकतंय ते कानाला कळत होतं. आणि गाड्या चांगल्या जात होत्या. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने तर गाडीत तोंड बघून भांग पाडला. भिंग मनात म्हणाला, बघा, डॉक्टरांना काय कळतं.

त्या सकाळी तो काळ्या गाडीची टेप काढायला बसला. आदल्या दिवशी सगळी गाडी त्यानेच पॉलिश केली होती. पॉलिशच्या आधी दिव्यांच्या, रबराच्या कडांना टेप लावतात, पॅड लागू नये म्हणून. टेपचं टोक आत दुमडून ठेवायची त्याची जुनी खोड होती. म्हणजे काढताना नख लावावं लागत नाही, चिमटीत धरलं की आलं. वर्कशॉपात दुसरं कुणी एवढा कुटाणा करत नसे.

उजव्या दाराच्या कडेने त्याने बोट फिरवलं. दुमड नव्हती. टोक सपाट चिकटवलेलं होतं. मागच्या दारालाही तेच. डिकीलाही तेच.

कुणीतरी त्याची टेप काढून दुसरी लावली होती. म्हणजे त्याच्यानंतर कुणीतरी या गाडीला हात लावला होता. भिंगाचं डोकं सणकलं. त्याच्या कामावर हात फिरवायची छाती कुणाची? तो तरातरा मशीनपाशी गेला, आणि मशीनवर हात ठेवताच जागच्या जागी थांबला. मशीन गरम होतं. वर्कशॉप उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती आणि किल्ली दोघांकडेच असायची. एक मालकांकडे. दुसरी त्याच्या स्वतःच्या लेकीकडे, झाडलोटीला ती थोडी आधी यायची म्हणून.

लेक चार वर्षांपासून त्याच्याबरोबर काम करत होती. मालक तिला "भिंगाची पोरगी" म्हणायचे आणि पुसायची, धुवायची कामं द्यायचे. मशीन तिला बापाने शिकवलं होतं, रविवारी, एका भंगारातल्या दारावर. आत्ता ती पाठमोरी बसून पॅड धूत होती.

"कधी आलीस?"

"आत्ताच. तुमच्या पुढे दोन मिनिटं."

"मशीन गरम आहे."

ती पॅड धूत राहिली. मग नळ बंद केला.

"कधीपासून चाललंय हे?"

"बाबा, चहा घेऊन येऊ का?"

"कधीपासून?"

"तुमच्या पिशवीत थेंबांची बाटली सापडली ना, तेव्हापासून," ती म्हणाली. "पाचेक महिने झाले असतील. बाटलीवरचं नाव मी औषधांच्या दुकानात दाखवून आले. आईला नाही सांगितलं."

पाच महिने. भिंगाने मनात एकेक गाडी आठवली. पांढरी, राखाडी, ती लांबडी लाल, भांग पाडणाऱ्याची निळी. त्याने संध्याकाळी मान वर करून सोडलेली प्रत्येक गाडी या पोरीने पहाटे येऊन पुन्हा घासली होती, आणि तो नऊ वाजता येऊन तिच्या कामावर आपलं कौतुक ऐकत होता. त्याला लाज वाटली. नुसती नाही, उघड्यावर कपडे उतरल्यासारखी लाज वाटली. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती, जी त्याला त्याहून सहन होईना. काम गेलं होतं. पुढे कधी जाणार होतं असं नव्हे, केव्हाच गेलं होतं, आणि ते त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, फक्त या पोरीला होतं.

"माझं काम फार वाईट असतं का गं?" त्याने विचारलं.

"सगळं नाही. कडेचं चांगलं असतं." ती जवळ आली. "आता ऐका. आज माझं पुरं झालेलं नाही. बॉनेटची डावी बाजू राहिलीय. तुम्ही सावकाश टेप काढत बसा, तेवढ्यात मी करून टाकते. कोटिंग जेवणानंतर लावू."

पण जेवणापर्यंत थांबायचं नशिबात नव्हतं. मालक आले ते कानाला फोन लावूनच आले. गाडीवाल्यांना संध्याकाळऐवजी दुपारीच गाडी बघायला यायचं होतं. "चला, कोटिंग घ्या लगेच. भिंगा, बाटली काढ."

"डावी बाजू राहिलीय," लेक म्हणाली.

"कसली डावी बाजू? काल झाली ना गाडी?"

मालकांनी टॉर्च घेतली आणि बॉनेटवर धरली. मग त्याच जागेवरून दोनदा फिरवली. भिंगही वाकला. त्याला टॉर्चचा पांढरा गोळा दिसला आणि त्याभोवती काळं. बस.

"हे कुणी केलंय?"

बोलायची वेळ ती होती. एवढंच म्हणायचं होतं, मी. एक अक्षर. भिंग टॉर्चच्या गोळ्याकडेच बघत राहिला. किती वेळ गेला असेल? गाडी पुसायला फडकं उचलावं तेवढाच.

"मी," लेक म्हणाली.

"तुला मशीनला हात लावायला कुणी सांगितलं?"

"काल बाबा जेवायला बसले तेव्हा घेतलं. म्हटलं, बघू जमतंय का."

"बघू जमतंय का! नव्याकोऱ्या गाडीवर? वडिलांनी कमावलेलं नाव धुळीला मिळवायला आलीस का इथे? पुरे झालं. सामान घे आणि घरी जा. उद्यापासून येऊ नकोस."

तेव्हा कुठे भिंगाच्या तोंडून शब्द फुटला. "मालक, ते काम माझं आहे."

"तू गप्प बस."

"माझंच आहे. मला दिसत नाही. काचबिंदू झालाय. वर्ष होत आलं."

मालकांनी त्याच्याकडे बघितलं आणि ते हसले. वाईट माणूस नव्हे तो, उलट त्या हसण्यात माया होती. "भिंगा, लेकीसाठी बाप काय काय बोलेल ते मला कळतं रे. मलाही पोरं आहेत. पण आंधळ्याने हे उजवं दार केलं? यात मला माझ्या मिशीचा केस न् केस दिसतोय. मागच्या महिन्यातली ती निळी आंधळ्याने केली?"

"ती हिने केली! सगळ्या हिनेच केल्यात! विचारा हिला."

मालक तिच्याकडे वळले. भिंगही वळला. तिचा चेहरा त्याच्या नजरेच्या नेमक्या त्या भागात होता जिथे काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्यावर काय होतं ते त्याला कधीच कळलं नाही. आवाज तेवढा आला, अगदी शांत.

"बाबांना काही झालेलं नाही. नजर चांगली आहे त्यांची. चष्म्याचा नंबर वाढलाय फक्त."

"बघ," मालक म्हणाले.

दिसतंय हे सिद्ध करता येतं. दिसत नाही हे कसं सिद्ध करायचं? भिंगाने टॉर्चकडे बोट दाखवून सांगितलं की मला इथे काहीच दिसत नाही, तर मालक म्हणाले, नाटकं पुरे. तिची पहाटेची मेहनत त्याच्या डोळ्यांची साक्ष देत समोर उभी होती, काळीभोर, चकचकीत. तिने पिशवी उचलली, चपला घातल्या. तिच्या पावलांचा आवाज फाटकापर्यंत त्याने ऐकला.

"आता तूच कर ती बाजू," मालक म्हणाले. "तासभर घे. तुझ्या हाताला काय लागतंय?"

त्याने केली. पॉलिशच्या कंपाऊंडचे चार ठिपके पॅडवर घेतले, मशीन बॉनेटला टेकवलं, उभं आडवं, उभं आडवं. आवाज बरोबर होता. हात बरोबर होता. स्पिरिटने पुसून, तेलकटपणा घालवून त्याने तोंड पत्र्याच्या इतकं जवळ नेलं की श्वासाची वाफ धरली. राखाडी. जाळं होतं की नव्हतं, गेलं की दुप्पट झालं, देवाला ठाऊक. असं काम कुणा दुसऱ्याने केलं असतं तर त्याने बाटली हिसकावून घेतली असती. मालक दोनदा येऊन गेले, फोनवर बोलत, लांबूनच मान हलवत. त्यांना बघायची गरज नव्हती. भिंग करत होता ना.

मग त्याने कोटिंगची बाटली उघडली. स्पंजवर थेंब घेऊन डाव्या बाजूवर फिरवले आणि एक, दोन, तीन करत साठपर्यंत मोजलं. कोटिंग पुसायची वेळ एरवी डोळ्यांनी ओळखतात. मग पुसलं. जे काही खाली होतं ते आता काचेखाली गेलं.

गाडीवाले आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, फोटो काढले. वर्कशॉपच्या सावलीत सगळं झकास होतं. त्यांनी भिंगाचा हात हातात घेऊन दाबला. म्हणाले, असे कारागीर आता राहिले नाहीत.

पाच वाजता तो फाटकाबाहेर पडला तेव्हा भिंतीच्या कठड्यावरून कुणीतरी उठलं. ती घरी गेलीच नव्हती.

"असं का बोललीस?" त्याने विचारलं.

"दोघांचंही गेलं असतं, बाबा."

"माझं गेलेलंच आहे."

दोघं चालू लागले. कोपऱ्यापर्यंत आल्यावर तिने विचारलं, "कोटिंग लावलं?"

"लावलं."

"डाव्या बाजूलाही?"

"हो."

रस्त्यावर गाड्या होत्या. त्याला त्या ऐकू येत होत्या, पण कुठली किती जवळ ते कळत नव्हतं. बापाला रस्ता ओलांडून न्यायला लेकीने आज पहिल्यांदाच त्याचा हात धरला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, "जाऊ दे. कुणाला नाही दिसणार."

असं म्हणणाऱ्या माणसाला त्याने सव्वीस वर्षांत कधी दुसऱ्या दिवशी कामावर येऊ दिलं नव्हतं. ही पोर तर त्याच्या हाताखाली तयार झालेली.

"नाही दिसणार," तो म्हणाला, आणि ती नेईल तसा चालू लागला.