आनंदचं पाकीट

ललिताबाईंनी मुलाचं पाकीट सृष्टीच्या हातात दिलं ते रिकामं करूनच. लायसन्स, पासपोर्ट फोटो, चुरगळलेलं बसचं तिकीट, सगळं आदल्या दिवशी काढून त्यांनी एका डब्यात ठेवलं होतं. वस्तूवर नाव नको, कागद नको, ती कुणाची हे ओळखू येईल असं काहीच नको, असं सृष्टीनं बजावलं होतं.

सृष्टी मानसशास्त्रात पीएचडी करत होती. एखाद्याची रोजच्या वापरातली वस्तू नुसती हातात धरली तरी त्या माणसाच्या आयुष्यातलं काही आपल्याला जाणवतं, असं सांगणारे लोक असतात. त्यात तथ्य आहे की नाही, हे ती रीतसर तपासणार होती. तिची आई आणि ललिताबाई वारज्याच्या एकाच शाळेत शिकवायच्या, त्यामुळे आनंदचं सगळं तिला माहीत होतं.

"काकू, मला तर वाटतं यातून काही निघणार नाही," तिनं आधीच सांगितलं होतं. "तुम्ही आशा ठेवून येऊ नका, प्लीज."

"नाही ठेवत," ललिताबाई म्हणाल्या होत्या, आणि ठेवली होती.

आनंद चार वर्षांपूर्वी घरातून गेला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. ललिताबाई तेव्हा मांजरी गावाला बहिणीकडे बारशाला गेल्या होत्या आणि रात्री तिथेच राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या तर त्यांचे पती श्रीनिवासराव म्हणाले, सकाळी खाली गेलाय, अजून आला नाही. फोन घरात, पाकीटही घरात. संध्याकाळी श्रीनिवासरावांनी पोलिसात तक्रार दिली. हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, फोन मुद्दाम ठेवून गेलाय म्हणजे त्याला कुणी शोधायला नकोय, सज्ञान मुलगा आहे, येईल चार दिवसांत. आनंद आला नाही. शवागारात दोनदा जाऊन दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलांची तोंडं ललिताबाईंनी पाहिली. पण त्याहून त्यांना आतून खाल्लं ते त्या फोननं. आपला आवाजसुद्धा त्याला नको झाला होता, असं काय केलं आपण?

श्रीनिवासराव पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. देवधर्म, ज्योतिष यातलं काही ते घरात चालू देत नसत. "पाकिटं बोलायला लागली तर पोलीस खातं बंद करता येईल," एवढंच ते सृष्टीच्या प्रयोगावर म्हणाले. पण वर्णनं वाचायला बोलावलं त्या दिवशी त्यांनीच गाडी काढली.

कॉलेजच्या एका वर्गात सृष्टीनं त्यांना बसवलं. वेगवेगळ्या लोकांनी एकेक वस्तू हातात धरून जे जाणवलं ते लिहून दिलं होतं, आणि ते सगळं आता टाइप केलेलं होतं. ललिताबाईंपुढे चार कागद ठेवले. त्यातला एक आनंदच्या पाकिटाबद्दलचा, बाकीचे दुसऱ्या वस्तूंचे. कुठला कुणाचा हे सृष्टीलाही ठाऊक नव्हतं, ते तिच्या सरांकडे होतं. ललिताबाईंनी फक्त आपला कागद ओळखायचा होता.

एकात कुणा म्हातारीच्या बागेचं वर्णन होतं. एकात नुसते रंग आणि घंटेचा आवाज. तिसऱ्यावर त्यांची नजर थांबली. 'पाणी आहे, कालव्यासारखं. एक तरुण काठावर बसलाय. शांत आहे, कुणावर राग नाही. आईच्या हातचं काहीतरी गोड त्याला आठवतंय.' ललिताबाईंनी तो कागद उचलला आणि पुन्हा खाली ठेवलाच नाही.

"काकू, सगळे वाचा मग ठरवा," सृष्टी म्हणाली.

त्यांनी चौथा वाचला. 'गालाची आग होतेय. बंद खोली. कडी बाहेरून लावलीय. मी दार वाजवतोय. पलीकडे कुणीतरी उभं आहे हे मला कळतंय, पण ते उघडत नाही. माझं काहीतरी त्यानं काढून घेतलंय.'

"असलं काही आमच्या घरात नव्हतं," त्या म्हणाल्या आणि तो कागद बाजूला सारला. श्रीनिवासरावांनी तो हातात घेतला, वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि पाणी मागितलं.

त्यानंतर ललिताबाई शाळा सुटली की कालव्यावर जायला लागल्या. पर्वतीच्या पायथ्यापासून पुढे, कालव्याच्या कडेनं, जिथे जिथे वस्ती होती तिथे आनंदचा फोटो दाखवत. टपरीवाले मान हलवायचे. एका बाईनं आपण याला पाहिलंय असं सांगितलं, मग दुसराच फोटो दाखवल्यावर त्यालाही पाहिलंय म्हणाली. रात्री त्या सुजलेले पाय गरम पाण्यात घालून बसायच्या. श्रीनिवासराव पाणी तापवून आणून द्यायचे. नको जाऊस, असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत.

महिन्याभरानं सृष्टी घरी आली. बसल्यावरही बराच वेळ ती पर्सशी चाळा करत राहिली.

"काकू, रिझल्ट आला. लोकांनी डोळे मिटून कागद उचलले असते तरी एवढेच बरोबर आले असते. म्हणजे काही नाही त्यात."

"माझा?"

"तुम्ही निवडला तो तुमचा नव्हता." ती अडखळली. "तुलना करायला आम्ही काही नव्या वस्तू ठेवल्या होत्या. लक्ष्मी रोडवरून आणलेलं एक कोरं पाकीट होतं, कुणीच न वापरलेलं. ते वर्णन त्याचं होतं."

ललिताबाई स्वतःच्या पायांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि आनंदचं?"

"ते दार वाजवण्याचं. तुम्ही बाजूला सारलं होतं ते. पण त्याला काही अर्थ नाही काकू, खरंच."

"ते दाराचं बरोबर आहे," श्रीनिवासराव म्हणाले.

ते खिडकीपाशी उभे होते. सृष्टी उठायला लागली तर त्यांनी हातानं तिला बसायला सांगितलं. बहुधा बायकोशी एकट्यानं बोलायची त्यांना भीती वाटत असावी.

"तू मांजरीला गेलीस त्या संध्याकाळी मला कळलं, दोन वर्षं त्यानं परीक्षाच दिली नव्हती. रोज डबा घेऊन जायचा, तो कुठे जायचा कोण जाणे. मी मारलं त्याला. तोंडावर मारलं. फोन काढून घेतला, खोलीत घातलं आणि कडी लावली. म्हटलं, उद्या आईसमोर काय ते बोल."

"आणि तो दार वाजवत होता."

"हो."

"तुम्ही कुठे होतात?"

"दाराबाहेरच होतो."

"काय म्हणत होता?"

श्रीनिवासरावांनी काच पुसल्यासारखा हात फिरवला. "आईला एक फोन करू द्या म्हणत होता. खूप वेळ म्हणत होता. सकाळी कडी काढली तेव्हाही त्यानं फोनच मागितला. मी म्हटलं, आई आल्यावर मिळेल. तो चपला घालून खाली गेला. मला वाटलं, चहा प्यायला गेला असेल."

"पोलिसांना तुम्ही सांगितलंत, फोन घरी ठेवून गेला."

"हो."

"मलाही तेच सांगितलंत."

ललिताबाई रडल्या नाहीत. त्यांनी सृष्टीला चहा विचारला, तिनं नको म्हटल्यावरही केला, आणि तो तिघांपुढे तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला घेऊन पोलीस चौकीत गेल्या. श्रीनिवासराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तिथला अधिकारी नवा होता, तरुण. त्यानं जुनी फाइल काढायला लावली आणि जबाब पुन्हा लिहून घेतला.

"शिकलेली माणसं तुम्ही," तो सही घेताना म्हणाला. "तेव्हाच खरं बोलला असतात तर शोध वेगळा झाला असता. मित्र कोण, पैसे नसताना कुठे जाईल, हे कुणी विचारलंच नाही, कारण तो ठरवून गेला असं तुम्ही लिहून दिलंत."

श्रीनिवासरावांनी सही केली. बाहेर आल्यावर रिक्षास्टँडपाशी ते थांबले. "ललिता, ते लिहिणारी व्यक्ती कोण आहे ते सृष्टीला विचार. तिला एवढं कळलं म्हणजे पुढचंही कळेल. तो कुठे आहे तेही कळेल." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी कधी अंगारासुद्धा घरात येऊ दिला नव्हता. आता त्यांचे डोळे एखाद्या मांत्रिकाच्या दारात बसलेल्या माणसासारखे झाले होते.

ललिताबाई त्याच संध्याकाळी बॅग भरून मांजरीला बहिणीकडे गेल्या. पण सृष्टीला फोन त्यांनी केला. सृष्टीनं आधी ते वर्णन लिहिणाऱ्या मुलीची परवानगी घेतली, मगच पत्ता दिला.

ती कसबा पेठेत राहत होती. पायल नाव, एका आयटी कंपनीत नोकरीला. दार तिनंच उघडलं. आत टीव्हीसमोर एक म्हातारा लुळा हात मांडीवर घेऊन बसला होता. "कोण आहे?" त्यानं दरडावून विचारलं. "ऑफिसमधल्या मॅडम," पायल म्हणाली, आणि ललिताबाईंना घेऊन खाली बोळात आली.

"सॉरी काकू," ती आधीच म्हणाली. "सृष्टीनं तुमच्या मुलाचं सांगितलं तेव्हापासून मला झोप नाहीये. मला काहीच जाणवलं नव्हतं. मी मैत्रिणीबरोबर सहज गेले होते. सगळे भराभरा लिहीत होते, कोरा कागद द्यायला ऑकवर्ड वाटलं."

"मग ते दार? ती कडी?"

पायलनं वर खिडकीकडे पाहिलं. "ते माझं आहे. लहानपणीचं. बाबा शाळेची वही काढून घ्यायचे आणि कोंडायचे. ते बाहेर उभे असायचे, मला त्यांच्या श्वासाचा आवाज यायचा. आता मीच त्यांना भरवते."

वरून हाक आली. पायल चटकन वळली, मग पुन्हा ललिताबाईंकडे आली, त्यांचा हात क्षणभर धरला आणि जिना चढून गेली.

त्या रात्री श्रीनिवासरावांचा फोन आला. "भेटली का? काय म्हणाली? कुठे आहे तो?"

"तिला काही दिसलं नव्हतं. तिच्या घरी जे व्हायचं ते लिहिलं तिनं."

"मग माझं कसं कळलं तिला?"

"तुमचं तिला काहीच कळलं नव्हतं. तुमचं तुम्ही सांगितलंत."

ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे मी त्या दिवशी गप्प बसलो असतो, तर..."

"तर मी अजून कालव्यावर फिरत असते," ललिताबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही मला पाणी तापवून देत असता."

त्यांनी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात शाळेत बदलीसाठी अर्ज दिला आणि मांजरीच्या बाजूला दोन खोल्या पाहिल्या. नव्या अधिकाऱ्यानं आनंदच्या वर्गातल्या मुलांना बोलावून चौकशी सुरू केली आहे. त्यातला एक दुबईत आहे, एकाला आनंदचं आडनावही आठवलं नाही, आणि एक म्हणाला की त्या सकाळी कुणाच्या तरी फोनवरून त्याला एक कॉल आला होता, पण अनोळखी नंबर म्हणून त्यानं उचलला नाही. तो नंबर कुणाचा होता, ते आता सापडत नाही.