नळीचं दुसरं टोक

बाबांना दुसऱ्याकडून काम करून घेणं कधी जमलंच नाही. मजूर लावला की याचे हात वाकडे, त्याची नजर वाकडी. दादाचा टेम्पो उन्हापावसात उभा राहतो हे त्यांना बघवेना, म्हणून निवृत्त झाल्यावर घरामागच्या मोकळ्या जागेत शेडही त्यांनी स्वतःच बांधायला घेतली. जमिनीत लाकडी खांब पुरायचे, माथ्यावर आडवे वासे, वर पत्रे. हाताखाली आई. त्यात काय अवघड आहे, असं ते मला फोनवर म्हणाले होते, आणि मीही वेड्यासारखी हसले होते.

अवघड होती ती पातळी. खांब उभे राहिले, पण वासा ठेवला की एका बाजूला उतरायचा. बाबा खांब कापायचे, फळीचा तुकडा खाली सारायचे, नव्याने मापायचे, आणि पुन्हा तेच. शेजारचा वेल्डर कुंपणावर रेलून म्हणायचा, काका, तुमच्या शेडने घेतलीय वाटतं. बाबांनी ते मनाला लावून घेतलं. डोळे गेले, हात गेले, आता माझ्यात काही राम उरला नाही, असं जेवताना पुटपुटायचे. एका दुपारी तोच वासा पुन्हा उचलायला शिडीवर चढले, तोल गेला, आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

काही आठवडे गेले, तसा आईने एकच धोशा लावला: शेड पुरी करा. टेम्पोचं तिला काही पडलं नव्हतं. त्यांच्या कामाला लोक हसतात, हे तिला सहन होत नव्हतं. वासे सरळ बसले की त्या वेल्डरचं तोंड आपोआप बंद होईल, असं तिचं म्हणणं. मग दादाने भाडी नाकारली, मी रजा काढली.

मापायला बाबांची पारदर्शक नळी होती, पाणी भरलेली. एक टोक या खांबापाशी, दुसरं त्या खांबापाशी. दोन्हीकडे पाणी सारख्याच उंचीवर थांबतं, तिथे खूण करायची आणि तिथून वरचं माप घ्यायचं. एक टोक दादाने घेतलं. दुसरं आईने आपणहून उचललं. हे माझंच काम, मला सगळं येतं, म्हणाली.

दादाने खूण केली. खात्रीसाठी पुन्हा मापलं, तर पाणी भलतीकडेच. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, म्हणून मी आईच्या बाजूला जाऊन बघितलं. तिने नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला होता, नख पांढरं पडेपर्यंत.

"आई, तू असंच धरायचीस?"

"मग? पहिल्याच दिवशी पाणी सांडलं तर केवढे ओरडले होते माझ्यावर. त्यानंतर थेंब सांडू दिला नाही मी."

नळी इकडून तिकडे नेताना तोंड दाबायचं असतं. मापताना सोडायचं असतं, नाहीतर पाणी अडून राहतं आणि खूण खोटी येते. बाबांना ते दिसलं नाही, कारण मध्ये खांब होता आणि ते आपल्याच टोकाकडे डोळे फाडून बघत होते. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि रागही, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

हात दुखले असतील, जरा मला दे, असं म्हणून मी टोक घेतलं आणि तोंड मोकळं सोडलं. पाणी सरसर वर चढलं आणि थांबलं. पलीकडून दादा माझ्याकडे बघत राहिला. त्यालाही कळलं होतं.

आईने पाणी चढताना बघितलं. मग हळूच विचारलं, "अंगठा काढायचा असतो का गं?"

हो म्हटलं असतं तर शेड सरळ झाली असती. आणि आई उरलेला जन्म स्वतःच्या हाताकडे बघत बसली असती.

"छे गं. मलाच नीट धरता येत नाहीये. तूच धर."

ती पुढच्या खांबापाशी गेली आणि आपल्या पद्धतीने टोक धरून उभी राहिली. दादाने पेन्सिल खांबाला टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. शेवटी पाणी जिथे अडलं होतं तिथेच त्याने रेघ ओढली.

"अगदी बरोबर आलंय, आई."

"बघ," आई म्हणाली. "आणि ते उगाच म्हणत बसायचे, माझंच काहीतरी चुकतंय."