न मोजलेला पाटा

सोमवारी, १९ सप्टेंबर २००५ रोजी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, चांदणी चौक ओलांडल्यावर बावधनच्या उतारावर बुद्धभूषणची बारा आसनी व्हॅन खड्ड्यातून उसळली आणि तिची मागची चाकं डावीकडे फूटभर घसरली. कुणाला लागलं नाही. रुंदीकरणासाठी ओतलेल्या खडीचा ढीग दोन हातांवर राहिला.

व्हॅनमध्ये नऊ जण होते, सगळे वारज्यातून हिंजवडीच्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत जाणारे. मागच्या बाकावर कल्याणी होती. तिला सहावा महिना होता. पुढे डिझेलचा वास सहन होत नाही म्हणून ती मागे बसायची.

"काका, दोन मिनिटं थांबवा," ती म्हणाली.

ती खाली उतरली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पाणी प्यायली. बुद्धभूषण दार धरून उभा होता.

"काका, डॉक्टरांनी परवाच सांगितलंय, असे धक्के चालणार नाहीत. मी ट्रान्सपोर्टला मेल टाकणार आहे. तुमच्याबद्दल तक्रार नाही हं. गाडीबद्दल."

"गाडी माझीच आहे, ताई," बुद्धभूषण म्हणाला.

दुपारी साडेबाराला रविराजचा फोन आला. कंपनीची ट्रान्सपोर्टची व्यवस्था तो बघत असे. वय सव्वीस, आवाज नेहमी घाईतला.

"काका, मेल आलाय, त्यामुळे मला ॲक्शन घ्यावीच लागेल. गुरुवारी मी स्वतः येतो, वारज्यापासून. राइड ओके वाटली तर तुम्ही कंटिन्यू. नाहीतर एक तारखेपासून दुसरं व्हेइकल. शुक्रवारी पाचपर्यंत कळवतो."

बुद्धभूषणकडे दुसरा मार्ग नव्हता, दुसरी गाडी नव्हती आणि एकोणपन्नासाव्या वर्षी दुसरी नोकरी कुणी देणार नव्हतं. त्याने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

मंगळवारी वारज्यात सोनबाच्या गॅरेजमध्ये त्याने मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले. मागच्या बाकावर चार इंची नवा फोम घातला. संध्याकाळी बायकोला, आम्रपालीला, त्या बाकावर बसवलं. तिच्या हातात स्टीलचा पेला दिला, काठोकाठ भरलेला, आणि बावधनपर्यंत नेऊन परत आणलं.

"किती उरलं?"

"पाणी पेल्यात कमी आणि माझ्या साडीवर जास्त," आम्रपाली म्हणाली. "एकवीस वर्षं कारखान्यात लोखंड तपासलंत, आता मला तपासा."

त्याने पेल्यात पट्टी बुडवून पाहिली. अर्ध्याहून कमी. वहीत लिहिलं. वही कारखान्यातल्या सवयीची होती: तारीख, वेळ, माप, शेरा.

"फोम चांगलाय," ती म्हणाली. "पण धक्का खालून येतोय हो. तुम्हाला माहितीये कुठून येतोय ते."

बुद्धभूषणने वही मिटली.

बुधवारी सकाळची फेरी टाकून तो पुन्हा सोनबाकडे आला. सोनबा वारजे गावातलाच. जमीन महामार्गात गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर त्याने पत्र्याची शेड उभी केली होती.

"हवा किती ठेवता?" सोनबाने टायरवर चापट मारत विचारलं.

"पंचेचाळीस. ॲव्हरेज चांगलं मिळतं."

"मिळंल की. दगडावर दगड बसवून चालवताय तुम्ही." त्याने हवा सोडायला सुरुवात केली. "तीसवर आणतो. पण भूषणराव, निस्त्या हवेनं भागत न्हाई. चाक खड्ड्यातनं निघालं की उडतंय. उडालेलं चाक रस्ता धरणार कसं? म्हणून परवा घसरलात. मागं सात पाटं हायत. कंपनीनं सहा दिलेत. सातवा काढा."

"तो नाही काढायचा."

"मग तुमच्या म्याडमला उशी द्या."

व्हॅनच्या मागच्या चाकांवर दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांची चवड होती, गाडीचा भार झेलणारी. उजव्या बाजूचा सातवा पाटा सोनबाने ठोकून घेतलेला, बाजारातला. डाव्या बाजूचा बुद्धभूषणच्या कारखान्याचा होता.

कारखाना पाट्यांचाच. बुद्धभूषण तिथे तपासनीस होता. पाटा साच्यावर ठेवायचा, त्याची कमान, म्हणजे बाक, मोजायचा, हातोडी मारून आवाज ऐकायचा, आणि दीड मिलिमीटरचा फरक निघाला तरी लाल खडूने फुली मारायची. लोक त्याला मागून 'फुली' म्हणायचे. २००२ च्या मार्चमध्ये सगळ्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद पडले. शेवटच्या पाळीला भट्टीवरच्या अकरा जणांनी उरलेल्या पट्टीतून एक पाटा काढला, त्यावर आपापले हजेरी क्रमांक ठोकले आणि बुद्धभूषणच्या हातात दिला. "घ्या फुलीसाहेब, याच्यावर मारू नका," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. त्यानेही फुली मारली नाही. पाटा मोजलाच नाही.

त्या अकरांतले दोघे आता नव्हते. एक जण कारखान्याच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या फ्लॅटच्या गेटवर वॉचमन म्हणून बसायचा. व्हॅन घेतली तेव्हा बुद्धभूषणने तो पाटा तिच्यात चढवला. नऊ-दहा माणसं बसणार, गाडी बसायला नको, असं तो लोकांना सांगे. खरं कारण तो कुणाला सांगत नसे.

"एकदा मोजून तरी बघा," सोनबा म्हणाला. "मोजायला काय जातंय?"

दुपारी दोन वाजता गाडी जॅकवर चढली. सोनबाने बोल्ट सोडले, डाव्या चवडीतून पाटा ओढून काढला आणि फडक्याने पुसला. चिखलाखालून क्रमांक वर आले: ४१२, ४२०, ३८७. बुद्धभूषणने पाटा फरशीवर पालथा ठेवला, दोन टोकांमधून दोरा ताणला आणि मधल्या उंचीला पट्टी लावली. मग पुन्हा लावली. बाक अकरा मिलिमीटर जास्त होता. त्याने हातोडी मारली. आवाज कोरडा आला, बिनलवचिक. भट्टीतून पाटा घाईने काढला होता. शेवटच्या पाळीला कुणाला घाई नसणार?

"काय निघालं?" सोनबाने विचारलं.

"रिजेक्ट," बुद्धभूषण म्हणाला. त्याच्या खिशात खडू नव्हता. असता तरी त्याने मारला नसता.

सोनबाने एकवार त्याच्याकडे पाहिलं. मग उजवा पाटाही काढला, बोल्ट आवळले आणि हात धुवायला गेला.

संध्याकाळी आम्रपाली पुन्हा पेला घेऊन बसली. बावधनला जाऊन आल्यावर पेल्यात फक्त दोन बोटं कमी होती. उतारावर त्याने मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी रेघेत थांबली.

"झालं की," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कुठे ठेवलात?"

"सोनबाकडे. भिंतीला उभा आहे."



गुरुवारी सात वाजून पाच मिनिटांनी रविराज वारज्याला चढला आणि कल्याणीशेजारी, मागे बसला. त्याच्यासकट दहा जण झाले. हातात छापील फॉर्म होता. चांदणी चौकापर्यंत तो फोनवर बोलत राहिला. बोलता आलं, हेच बुद्धभूषणला पुरेसं वाटलं. बावधनच्या उतारावर, सोमवारच्याच खड्ड्यात, चाक अलगद उतरलं आणि वर आलं. आरशात त्याने कल्याणीकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"काका, काय केलंत काय?" रविराज म्हणाला. "एकदम स्मूथ!"

"एक पाटा काढला."

"फक्त एवढंच? मग आधी का नाही काढला?"

बुद्धभूषणने गिअर बदलला.

बाणेरच्या पुढे, पुलाचं काम चालू होतं तिथे, रस्ता मधोमध उकरलेला होता. तो खड्डा पाण्याने भरला होता आणि खोल होता. दहा माणसांच्या भाराने मागची बाजू आधीच दबलेली. ती आणखी खाली गेली आणि तळाशी ठक् करून आदळली. एकदाच. कल्याणीने डोळे उघडले, समोरच्या सीटचा दांडा धरला आणि सोडला.

"हे काय होतं?" रविराजने विचारलं.

"लोड जास्त आहे आज. रोज नऊच असतात."

"म्हणजे माझ्यामुळे?" रविराज हसला. त्याने फॉर्मवर काहीतरी लिहिलं. दोन ओळी असाव्यात. आरशातून वाचता आलं नाही.

हिंजवडीला उतरताना कल्याणी दाराशी थांबली. "आज बरं वाटलं, काका," ती म्हणाली. "तो शेवटचा सोडला तर."

शुक्रवारी कल्याणीला आणि बाकीच्यांना घेऊन तो बाणेरपाशी गाडी चालण्याच्या वेगाने काढत गेला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. आठ मिनिटं उशीर झाला. कंपनीच्या गेटवर वेळ लिहून घेतली गेली. त्यानेही वहीत लिहिली.

पाच वाजता तो सोनबाच्या शेडमध्ये बसून होता. सोनबाने दोन कप चहा मागवला.

"बाजारात पातळ पाटा मिळतो," सोनबा म्हणाला. "अर्ध्या जाडीचा. भरल्या गाडीला आधार, रिकामीला त्रास न्हाई. उद्या घालू. मोजून घ्या मात्र."

"फोन येऊ दे," बुद्धभूषण म्हणाला.

फोन दोघांच्या मधे, ऑइलच्या डब्यावर ठेवलेला होता. त्यामागे भिंतीला पाटा उभा होता, पुसलेला, अकराही क्रमांक बाहेरच्या बाजूला. सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत फोन आलेला नव्हता.