चार बोटं कमी

साहेब, समुद्राच्या तोंडाशी ते तीन लोखंडी खांब तुम्हीच रोवलेत. तुमच्या सहीशिवाय तिथे खिळासुद्धा ठोकला जात नाही, तेव्हा उगाच इकडेतिकडे बघू नका. मोटारसायकली किनाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून खांब रोवले, असं तुम्ही सांगितलंत. मोटारसायकली आजही हँडल जरा तिरकं करून त्या खांबांमधून खुशाल जातात. मला जाता येत नाही.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. माझा राग तुमच्यावर नाही. तुम्ही फक्त साक्षीला बसा.

मी एक जुनी चाकाची खुर्ची आहे. तुम्ही मला व्हीलचेअर म्हणता. माझी मालकीण मला 'आपली गाडी' म्हणते. तिचा नवरा जन्मभर शहराची बस चालवून निवृत्त झाला, आणि मला ढकलताना अजून तोंडाने हॉर्न वाजवतो. घरात आणि गल्लीत त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणतात, मीही तेच म्हणते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नळ्या वाकवून मला घडवणारा वेल्डर प्रत्येक खुर्चीत स्वतः बसून शेडभर एक चक्कर मारायचा. माझ्या वेळी डावं चाक कुरकुरलं. त्याने तेल सोडलं, तरी कुरकुर थांबेना. "हिला तोंड आहे," तो म्हणाला आणि मला गाडीत चढवलं. पुढची काही वर्षं मी एका इस्पितळात काढली. वॉर्डातून एक्स-रेपर्यंत आणि एक्स-रेपासून वॉर्डात. शेकडो माणसं माझ्यात बसली, पण "ए, ती खुर्ची आण रे" यापलीकडे मला कुणी हाक मारली नाही. नवीन खुर्च्या आल्या तशी मी जिन्याखाली गेले, आणि तिथून मोडीत निघाले असताना ड्रायव्हरने मला उचललं.

मालकीण ब्लाउज शिवते. मणक्याच्या दुखण्यात तिचे पाय गेले, तेव्हा तिने पायाच्या मशीनला मोटर बसवून घेतली आणि मोटरचं बटण टेबलावर उजव्या कोपराशी आणलं. कोपराने दाबायचं, दोन्ही हातांनी कापड सरकवायचं. ब्लाउज न्यायला आलेली बाई एखादा टोमणा खाल्ल्याशिवाय जायची नाही, आणि पुढच्या खेपेला बहिणीलाही घेऊन यायची.

तिची चैन एकच होती. समुद्र. आमच्या घरापासून दोन गल्ल्या ओलांडल्या की समुद्र. होड्या उतरवायचा सिमेंटचा जुना उतार होता, भरतीचं पाणी त्यावर चढायचं. ड्रायव्हर ब्रेक लावून मला तिथे उभी करायचा. तिच्या पायांना पाण्याचं काही कळायचं नाही, म्हणून ती वाकून हात भिजवायची आणि तोच ओला हात तोंडावरून फिरवायची. मग आम्ही घरी यायचो. रोज.

मग तुमचे खांब आले, साहेब.

पहिल्या दिवशी माझी चाकं दोन्हीकडून खांबांवर आदळली. लगेच चार माणसं धावत आली. चांगली माणसं होती, खोटं कशाला बोलू? एकाने तिच्या काखेत हात घातला, दोघांनी माझी चाकं धरली, चौथ्याने माझा हात धरून वर ओढला. माझे हात काढता-घालता येतात. तो निघून त्याच्या मुठीत आला. मालकीण सिमेंटवर पडली, उजव्या कोपरावर. ज्या कोपरावर तिची मशीन चालायची, त्याच. लग्नसराई तशीच गेली, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. कोपर बरं झालं, पण तिने समुद्राचं नाव टाकलं.

ड्रायव्हर तुमच्या कचेरीत गेला होता. तक्रारीची खिडकी वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खिडकीमागच्या माणसाने त्याला समजावलं की चार माणसं उचलतील की, आपल्याकडे अजून माणुसकी आहे. ड्रायव्हरने घरी येऊन तेच सांगितलं. मालकिणीने दाताने दोरा तोडला.

"तुमच्या माणुसकीचे हात मी पाहिलेत," ती म्हणाली. "एक माझ्या काखेत होता."

त्यानंतर मी दाराआड उभी राहिले. माझ्यावर कापडाचे तुकडे साठले. चाकातली हवा गेली ती कुणी भरलीसुद्धा नाही.

पुढे लेकीने दोघांना बोलावून घेतलं. ती दूर परदेशात, समुद्राकाठच्या एका शहरात नर्स आहे. मालकीण आधी नाहीच म्हणाली. तिची अडचण मला ठाऊक होती. बाहेर जायचं असलं की ती सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे, कारण बाहेरच्या संडासाच्या दारातून मी आत जात नाही, आणि गेले तरी आत वळत नाही. दोन गल्ल्यांना हे जमायचं. विमानाला कसं जमणार? लेक फोनवर रडली, मग भांडली, मग म्हणाली, "आई, तू ये तर. पुढचं मी बघते." मालकीण जवळजवळ कोरडीच विमानात बसली.

माझी घडी घालून, गळ्यात चिठ्ठी अडकवून मला विमानाच्या पोटात टाकलं. बॅगांसारखी लोळत पट्ट्यावर येणार, असं मी धरूनच चालले होते. पण विमान उतरलं आणि मला थेट विमानाच्या दाराशी आणून, उघडून, ब्रेक लावून उभी केली. मालकीण दारात आली तेव्हा मी तिच्या आधी तिथे होते. त्या शहराबद्दलचं माझं पहिलं मत तिथे झालं.

दुसरं झालं रस्त्यावर. आपल्याकडे फुटपाथ चढवताना ड्रायव्हर माझ्या मुठी खाली दाबतो आणि माझी पुढची छोटी चाकं उचलतो. त्याच्या हाताला ती सवय. तिथेही तो प्रत्येक वळणावर मुठी दाबायचा, आणि चढायला काही नसायचंच. फुटपाथ कोपऱ्यावर आपसूक रस्त्याला टेकलेला. मालकीण दर वळणाला उगाच उताणी व्हायची.

"अहो, प्रत्येक कोपऱ्यावर मला आकाश काय दाखवताय?" ती शेवटी म्हणाली.

ड्रायव्हर खाली वाकून फुटपाथची कड बोटाने चाचपत होता. लोक त्याला वळसा घालून जात होते.

मग बस आली. थांब्यावर उभी राहिली, फुस्स करून आमच्या बाजूला खाली बसली, आणि तिच्या दारातून एक फळी जिभेसारखी बाहेर आली. मी चढले. आत माझ्यापुरती जागा होती, कठडा होता, पट्टा होता. कुणी हळहळलं नाही, कुणी काय झालं हो यांना म्हणून विचारलं नाही, कुणी घड्याळही पाहिलं नाही. ड्रायव्हर पुढे जाऊन त्या बसच्या ड्रायव्हरच्या मागे उभा राहिला आणि आमचा थांबा येईपर्यंत त्याचे हात बघत राहिला. उतरल्यावर बराच वेळ मला नुसताच ढकलत होता. हॉर्न नाही, काही नाही.

"एवढी वर्षं बस हाणली," तो एकदम म्हणाला. "पण बसला खाली बसता येतं, हे मला कुणी सांगितलं नाही गं."

तुम्हाला वाटेल तिथली माणसं फार प्रेमळ असतील. तसं काही नाही. लेकीच्या इमारतीतला शेजारी लिफ्टमध्ये रोज भेटायचा आणि रोज भिंतीकडे बघायचा. समुद्रपक्षी तर इतके निर्लज्ज की ड्रायव्हरच्या हातातला पाव त्यांनी चोचीने पळवला. एक जण आम्हाला बघून गोड हसला, तो काहीतरी विकायला आलेला निघाला. पण प्रेमाची गरज पडली कुठे? उतार होता.

किनाऱ्याचं काय सांगू? उंच इमारती पाण्यापर्यंत येऊन थबकलेल्या, आणि त्यांच्यापुढे वाळूचा मोठा पट्टा. वाळूत मोठमोठी माणसं अंगावर जेमतेम दोन चिंध्या घेऊन उताणी पडलेली. ड्रायव्हरने मान जी फिरवली ती थेट लांबच्या जहाजांकडे. "केवढं जहाज आहे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मालकिणीने मात्र सगळं नीट पाहिलं, आणि एवढ्याशा कापडाचीही शिलाई इथे भरपूर घेत असतील, असं म्हणाली.

लेकीने तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. मालकीण म्हणाली, नंतर. लेक नर्स आहे, तिला तो 'नंतर' लगेच कळला. मला वळवून तिने कडेच्या एका खोलीचं रुंद दार ढकललं. आत मी गेले, वळले, पुन्हा वळले. भिंतीला दोन्हीकडे धरायला दांडे होते. आई दांडे बघत होती, लेक आईला बघत होती. बाहेर आल्यावर मालकिणीने बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. हनुवटीवरून पाणी ओघळलं, तिने पुसलं नाही. मित्रांनो, त्या शहरातल्या उंच इमारती सगळे बघतात. मी त्या दारावरून ते शहर ओवाळून टाकलं.

वाळूवर लाकडी फळ्यांचा रस्ता टाकला होता, पार ओल्या वाळूपर्यंत. मी कुरकुरत शेवटच्या फळीवर पोचले. पुढे चाकं रुतणार. ड्रायव्हरने बाह्या दुमडल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि दोन उघड्याबंब गड्यांना चक्क मराठीत हाक मारली, "दादा, जरा हात लावता का?" ते त्याच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात लाल शर्टातली एक मुलगी आली. बुडणाऱ्यांना काढायला ठेवलेली ती मुलगी. तिच्यासोबत फुग्यासारख्या जाड चाकांची एक पिवळी खुर्ची होती. मुलगी मालकिणीसमोर उकिडवी बसली आणि काहीतरी बोलली.

लेकीने सांगितलं, "आई, ती विचारतेय, मदत करू का? आणि कशी करू?"

मालकिणीने आधी त्या मुलीचे हात पाहिले. 'कशी' हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"तिला म्हणावं, काखेत हात घालू नको," ती म्हणाली. "खुर्ची चिकटवून धर. माझी मी सरकते."

आणि ती सरकली. माझ्यातून त्या पिवळीत. मी मागे राहिले. मला वाईट वाटलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. इतकी वर्षं तिला मी नेलं, आणि ऐन पाण्याशी ही कोण गुबगुबीत? पण पहिली लाट आली, पिवळी खुर्ची किंचित तरंगली, आणि मालकिणीने दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. ते ओले हात तिने तोंडावर धरले ते बराच वेळ काढलेच नाहीत. माझी कुरकुर तिथेच थांबली.

ड्रायव्हरला कुठे उभं राहावं कळेना, म्हणून तो माझ्यात बसला. पहिल्यांदाच. इतकी वर्षं त्याने मला मागून पाहिलं होतं. लोक त्याच्या पुढून जात होते, आणि तो पाठ ताठ करून बघत होता.

ती परत आली तेव्हा तो म्हणाला, "अगं, इथून तर सगळ्यांची पोटंच दिसतात."

"मग?" ती म्हणाली. "मी काय रोज चेहरे बघते?" तिचे केस ओले होते, ओठ निळे पडले होते. ती पाण्याकडे बोट करून म्हणाली, "अहो, हा तोच ना? आपल्या घरापासून दोन गल्ल्यांवरचा? त्या दोन गल्ल्यांसाठी मी विमानात बसले."

ड्रायव्हर माझ्यातून उठला आणि तिला बसायला मला नीट धरून उभा राहिला.

आम्ही परत आलो. विमानाआधी घाईत अर्धीमुर्धी भरलेली माझी चाकं ड्रायव्हरने आल्यावर पहिलं काम म्हणून नीट भरली. मालकिणीने गळ्यातली टेप काढून आधी मला मापलं, मग खांबांपाशी जाऊन खांबांमधली फट मापली.

"चार बोटं कमी," ती म्हणाली.

ड्रायव्हरने भीत भीत सुचवलं की बाजारात अरुंद खुर्च्या मिळतात, एक बघू या का. ती म्हणाली, "ब्लाउज बसला नाही तर मी ब्लाउज उसवते. गिऱ्हाईक कापत नाही."

तेवढ्यात चार माणसं आलीच धावत. तिने हात जोडले आणि सांगितलं, उचलायचं नाही. ती माझ्यात, त्या फटीच्या तोंडाशी, समुद्राकडे तोंड करून बसली. दुसऱ्या फटीत ड्रायव्हरने घरून आणलेलं स्टूल टाकलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही तिथे असतो. मालकीण येताना पाण्याची भरलेली बाटली आणते आणि सगळ्यांदेखत पिते. खांबांसमोरच्या हॉटेलवाल्याने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. आता त्याने संडासाचं अरुंद दार काढून रुंद चौकट बसवून घेतली आहे. तुम्हाला न विचारता, साहेब.

मोटारसायकली मात्र आता जात नाहीत. जे काम तुमच्या खांबांना जमलं नाही ते मी करते. परवा एक जण हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि म्हणाला, "काकू, जरा बाजूला घ्या ना."

"थांब," मालकीण म्हणाली, "तुझी गाडी उचलायला चार माणसं बोलावते. आपल्याकडे माणुसकी आहे."

लोक हसले. पण त्यातले काही जण नंतर खाली वाकून माझ्या आणि खांबांच्या मधलं अंतर बघून गेले.

मित्रांनो, माझी विनंती थोडी आहे. माझ्यासारखी कुणी दिसली तर तिच्या चाकात तेल घाला, हवा भरा, आणि आतल्या माणसाला हात लावण्याआधी विचारा, मदत करू का, आणि कशी करू. एवढं तुमच्या हातात आहे. बाकीचं तुमच्या हातात नाही. ते ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे मी आता वळते.

साहेब, तुम्ही म्हणाल, पैसा नाही. मी तुम्हाला खाली बसणारी बस मागत नाही, फळ्यांचा रस्ता मागत नाही, पिवळी खुर्ची मागत नाही. मी चार बोटं मागते. एक खांब उपटायचा आणि पुन्हा रोवायचा. तुमचा माणूस काल येऊन म्हणाला, बाई, इथून उठा. उठता आलं असतं तर ती इथे बसली असती का?

या एकदा संध्याकाळी. माझ्याशेजारी उभे राहा, आणि माझ्यात बसलेल्या बाईच्या तोंडाकडे बघून सांगा: खांब रोवले त्या दिवशी ती फट तुम्ही कुणाच्या मापाने सोडलीत?