माझ्या आठाची पायरी

मित्रांनो, मी १९८५ सालचा जुना रुपया. कुठल्या टांकसाळीत जन्मलो ते विचारू नका. ठसा जरा सैल होता, दाबताना हिसका बसला आणि माझ्या सालातला आठ दुहेरी दिसू लागला. झालं! काशीत दुर्गाघाटावरच्या ढुंढिराजकाकांना मी पूजेच्या दक्षिणेत मिळालो आणि देवीचा प्रसाद म्हणून त्यांनी मला थेट देव्हाऱ्यात बसवलं. रोज चिंचेनं घासायचे, हळदकुंकू वाहायचे. दहा वर्षं माझी नुसती चैन होती.

मग एका दुपारी गंगेपलीकडच्या रामनगरचे मोहन आले. त्यांना नाण्यांचं भारी वेड. माझा आठ पाहून त्यांनी मला झटकन उचललं. "काका, हा दुहेरी ठशाचा असली रुपया आहे, फार दुर्मिळ. बदल्यात हे घ्या."

त्यांनी पुढे केली ती त्यांच्या वारलेल्या वडिलांची नाण्यांची वही. एकेक नाणं वडिलांनी स्वतः शोधून लावलेलं. काकांची नजर तिच्यावरून हटेना. खरं काय ते मलाच ठाऊक, आणि मला तोंड नाही.

"थांबा," काकांची लेक प्रमोदिनी म्हणाली. तिनं मला भिंगाखाली तिरकं धरलं. "ठशातच दोनदा उठलेला आकडा दोन्हीकडे गोल, भरीव असतो. इथं दुसरी रेघ चपटी आहे, पायरीसारखी. आणि मूळ आठ तेवढाच बारीक झालाय. हा मशीनचा हिसका आहे, याला रुपयाहून जास्त मोल नाही."

"चिंचेनं घिसून चपटी झाली असेल," काका चिडून म्हणाले. "दहा वर्षं मीच घासतोय."

मोहन लगेच मान डोलवू लागले.

"बाबा, घासताना उंच भाग आधी झिजतो. आठाचा माथा अजून धारदार आहे. मग खालची पायरीच कशी झिजेल?"

काका बराच वेळ भिंगातून बघत बसले. मग त्यांनी वही मोहनच्या मांडीवर ठेवली. "घरी ने. मला लोभ सुटला होता."

मोहनना नावेसाठी सुटे हवे होते. काकांनी मलाच दिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नावाड्यानं माझ्या आठाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मोहनना वहीसकट पैलतीरी पोचवलं. दहा वर्षांत मी पहिल्यांदाच कुणाच्या कामी आलो.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी भेटला तर त्याला घासू नका, घाईनं भुलूही नका. उजेडात तिरकं धरून नीट बघा, आणि मगच हातातलं सोडा.